हृदयाच्या रोहिणीला पेटका येतो तेव्हा



खूप खेळून झाल्यावर किंवा रात्री झोपेत पोटरीत पेटका येण्याचा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. स्नायू एकाएकी आवळतो, दगडासारखा घट्ट होतो, जीव कळवळतो आणि थोड्या वेळाने तो आपोआप सैल पडतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना ती पोटरी दाखवली, तर त्यांना तीत काय दिसेल? काहीच नाही! पेटका खरा होता. पण पाहण्याच्या वेळी तो तेथे नव्हता.

असाच पेटका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीला आला तर? असा विकार खरोखरच आहे. तो ओळखणे फार कठीण. पण एकदा ओळखला की आवरणे पुष्कळ सोपे. वैद्यकशास्त्राने त्याचा माग कसा काढला आणि हा विकार झालेल्या माणसाचे पुढे काय होते, ते आज आपण पाहू.

हृदयाचा पगार

आपले हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या कप्प्यांतून दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जाते. पण गंमत अशी, की या रक्तातील प्राणवायू हृदयाच्या जाड भिंतींना थेट घेता येत नाही. बँकेतील रोखपालाच्या हातांतून दिवसभरात लाखो रुपये जातात. त्याचा संसार मात्र त्याच्या पगारावरच चालतो. तसेच हे आहे. हृदयाचा हा पगार त्याला दोन रोहिण्यांतून मिळतो. महारोहिणी हृदयातून बाहेर पडते त्या जागीच त्यांचा उगम होतो आणि त्यांच्या शाखा हृदयावर मुकुटासारख्या पसरतात. त्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. त्यांची रुंदी अवघी ३ ते ४ मिलिमीटर असते आणि विश्रांतीच्या वेळी त्यांतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते.

एवढ्या अरुंद नळ्या थोड्याशा आवळल्या तरी काय होईल? एक सोपा प्रयोग करा. सरबत पिण्याच्या साध्या नळीने पेलाभर पाणी ओढून प्या. मग बॉलपेनच्या नव्या, शाई न भरलेल्या रिफिलसारखी बारीक स्वच्छ नळी घेऊन तेच करा. नळीची रुंदी फार कमी झालेली नाही, पण पाणी ओढताना गाल दुखू लागतील! नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा नियम १९ व्या शतकात फ्रान्समधील प्वाझय या वैद्याने प्रयोगांनी दाखवून दिला. दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो १/२ × १/२ × १/२ × १/२, म्हणजे फक्त १/१६ उरतो. जिवंत रोहिणी ही काचेची नळी नव्हे, म्हणून हा हिशेब तिला तंतोतंत लागू पडणार नाही. पण ढोबळ कल्पना यावरून नक्की येते.

श्रमाचे दुखणे आणि विश्रांतीचे दुखणे

हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडला की छातीत दाटल्यासारखे, आवळल्यासारखे दुखते. या दुखण्याला हृद्‌शूल म्हणतात. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली त्याचे स्पष्ट वर्णन केले. चालताना, विशेषतः चढ चढताना दुखू लागते आणि थांबले की दुखणे थांबते, हे त्यांनी टिपले. यामागचे कारण पुढे कळले. रोहिणीच्या आतल्या बाजूला चरबीयुक्त थर साचून ती कायमची अरुंद होते. बसल्या जागी तेवढे रक्त पुरते. जिना चढताना पुरत नाही. हा मागणी आणि पुरवठा यांचा सरळ हिशेब आहे.

पण काही रोगी या हिशेबात बसत नव्हते. समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दिवसा ते दोन जिने सहज चढतात, शेतात कामही करतात. पण पहाटे चारच्या सुमारास छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे होऊन त्यांना जाग येते. दरदरून घाम फुटतो. पाच-दहा मिनिटांत सारे थांबते. अकरा वाजता ते दवाखान्यात जातात. हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहाचा आलेख, म्हणजे ईसीजी काढला जातो. तो अगदी ठीक. चालत्या पट्ट्यावर चालवून श्रमाची चाचणी घेतली जाते, तीही ठीक. आता सांगा, डॉक्टरांनी काय म्हणावे? "तुम्हाला काही झालेले नाही, उगाच काळजी करू नका," असे म्हणण्याचा मोह होणे साहजिक आहे. पुष्कळ रोग्यांनी हे वाक्य ऐकले आहे. आणि नेमका येथेच धोका आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील हृदयरोगतज्ज्ञ मायरन प्रिंझमेटल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५९ साली अशा रोग्यांकडे वैद्यकजगाचे लक्ष वेधले. दुखणे विश्रांतीत येते, बहुधा रोज ठराविक वेळी येते आणि ते चालू असतानाच ईसीजी काढला तर त्यात ठळक बदल दिसतो, हे त्यांनी दाखवले. आलेखातील 'एस' आणि 'टी' या दोन लाटांमधला भाग एरवी पायारेषेच्या पातळीवर असतो. झटक्याच्या वेळी तो वर उचलला जातो आणि दुखणे थांबताच पुन्हा खाली येतो. रोहिणी तेवढ्या वेळापुरती आवळत असावी, असा तर्क त्यांनी मांडला.

तर्क झाला, पुरावा हवा. १९७० नंतरच्या दशकात इटलीतील पिसा येथे अत्तिलिओ मासेरी आणि त्यांचे सहकारी यांनी अशा रोग्यांना रुग्णालयात ठेवून त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची, रक्तदाबाची आणि ईसीजीची सतत नोंद घेतली. आता तुम्हीच विचार करा. प्राणवायूची मागणी वाढल्यामुळे दुखत असेल, तर आधी ठोके आणि रक्तदाब वाढले पाहिजेत आणि मग ईसीजी बदलला पाहिजे. प्रत्यक्षात ईसीजी आधी बदलला; त्यापूर्वी ठोके वाढले नव्हते की रक्तदाब. म्हणजे मागणी होती तेवढीच होती. कमी झाला तो पुरवठा! त्याच दशकात झटका चालू असताना रोहिणीची क्ष-किरण चित्रे घेण्यात आली आणि त्यांत आवळलेली रोहिणी सरळ डोळ्यांना दिसली.

रोहिणी आवळते कशी?

रोहिणीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा एक थर असतो. या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमचे आयन शिरले की त्या आकुंचन पावतात. स्नायू आणि कॅल्शियम यांचे हे नाते उमगले ते एका गमतीदार घटनेतून. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत. क्षारांच्या द्रावणात ठेवलेले हृदय छान धडधडत असे. पण तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले, तेव्हा हृदय हळूहळू थांबले. आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते आणि लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते! रिंगर यांनी १८८३ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली.

दुसरा धागा रोहिणीच्या अस्तराचा. रोहिणीच्या आतून पेशींचा अगदी पातळ, एकेरी थर असतो. पूर्वी त्याला केवळ गुळगुळीत अस्तर समजत. १९८० साली अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य घातले की तुकडा सैल पडे. पण अस्तर घासून काढले, तर तेच द्रव्य घालताच तुकडा आवळला जाई! म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरते आणि ते स्नायूंना सैल पाडते. हे 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे, असे पुढे सिद्ध झाले आणि या शोधांसाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दोन्ही धागे जोडा. अस्तर बिघडलेले आणि खालचा स्नायू जरा जास्तच हळवा, अशी रोहिणी क्षुल्लक कारणानेही आवळते. अस्तर बिघडवणारा सर्वांत परिचित शत्रू म्हणजे तंबाखूचा धूर. थंडी, मानसिक ताण, जोरजोराने भरभर श्वास घेणे, कोकेनसारखी मादक द्रव्ये यांमुळेही पेटका येऊ शकतो. हा विकार जपान आणि कोरियातील लोकांत अधिक आढळतो; पण तो सर्व देशांत होतो.

न दिसणाऱ्या विकाराचे निदान

निदान करणाऱ्या डॉक्टरांना तीन साक्षी जमवाव्या लागतात.

पहिली साक्ष रोग्याच्या हकिगतीची. दुखणे विश्रांतीत येते का? मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतच्या वेळात येते का? जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवल्यावर काही मिनिटांत थांबते का? जपानमधील हिरोफुमी यासुए आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांनी अशा १३ रोग्यांना एकदा पहाटे आणि एकदा दुपारी व्यायाम करायला लावला. पहाटे तेराही जणांना झटका आला. दुपारी फक्त दोघांना! रोगी तेच, व्यायाम तोच. बदलली फक्त वेळ. चाचणी कोणती केली याइतकेच ती केव्हा केली यालाही महत्त्व आहे, हे यावरून कळते.

दुसरी साक्ष ईसीजीची. तो दुखत असतानाच काढला पाहिजे. त्यासाठी उपयोगी पडते ते अंगावर बाळगायचे नोंदयंत्र. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी १९४० नंतरच्या दशकात ते तयार केले, तेव्हा ते पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज होल्टर यंत्र खिशात मावते आणि २४ तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद घेते. अर्थात त्या दिवशी झटका आलाच नाही, तर नोंद कोरीच राहणार.

तिसरी साक्ष चित्राची. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स महारोहिणीचे क्ष-किरण चित्र घेत असताना, चित्रात उठून दिसणारे द्रव्य चुकून सरळ हृद्‌रोहिणीत गेले. रोगी दगावतो की काय, अशी सर्वांना धास्ती वाटली. पण तो वाचला आणि त्या अपघातातून आजची अँजिओग्राफी जन्माला आली. पण पेटक्याच्या विकारात एरवी काढलेल्या अँजिओग्राफीत रोहिणी पुष्कळदा स्वच्छ किंवा किंचितच अरुंद दिसते. मग करायचे काय?

चोर येईपर्यंत वाट पाहायची नसेल, तर त्याला बोलावून घ्यायचे! अँजिओग्राफी चालू असताना रोहिणीत अल्प प्रमाणात ॲसिटिलकोलीन सोडतात. निरोगी रोहिणी त्याने सहसा फारशी आवळत नाही. हळवी रोहिणी मात्र पेटका घेते. यासुए यांच्या गटाने १९८६ साली ही चाचणी मांडली. त्यापूर्वीपासून अर्गोनोव्हीन हे औषध या कामासाठी वापरात होते. राय या धान्यावर पडणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीपासून ते मिळते. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट रोगही त्याच कुळातल्या बुरशीचा.

चाचणी केव्हा सकारात्मक मानायची? २०१७ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तिची कसोटी ठरवून दिली. रोहिणी ९० टक्क्यांहून अधिक आवळली पाहिजे आणि त्याच वेळी छातीत दुखले पाहिजे व ईसीजीही बदलला पाहिजे. नुसते चित्र पुरे नाही. या चाचणीत हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका असतो. म्हणून पेटका सोडवणारे औषध हाताशी ठेवून, अनुभवी डॉक्टरांनी सुसज्ज प्रयोगशाळेतच ती करायची असते.

ओळखला तर आवरला

निदान अचूक हवे, कारण त्यावर औषध ठरते. कायमच्या अरुंद रोहिणीमुळे होणाऱ्या हृद्‌शूलात प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटारोधक औषधे उपयोगी पडतात. पेटक्याच्या विकारात मात्र तीच अपाय करू शकतात. ॲड्रेनलिनमुळे रोहिणीला दोन प्रकारचे हुकूम मिळतात: एक आवळण्याचा, दुसरा सैल पडण्याचा. प्रोप्रॅनोलॉल दुसरा हुकूम अडवते आणि पहिला मोकळा राहतो! त्याचप्रमाणे रोहिणीत कायमचा अडथळा नसेल, तर ती रुंद ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवूनही सहसा उपयोग होत नाही.

झटका थांबवण्यासाठी नायट्रोग्लिसरीन देतात. हाच पदार्थ सुरुंगाच्या दारूतही असतो. तो शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवतो, म्हणजे बिघडलेल्या अस्तराचे काम बाहेरून करतो. डायनामाइटचा शोध लावून श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना १८९६ साली, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच औषध सांगितले होते. झटके येऊच नयेत म्हणून देतात ती कॅल्शियमरोधक औषधे. उदाहरणार्थ डिल्टियाझेम किंवा निफेडिपिन. ती स्नायूंच्या पेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवतात. रिंगर यांच्या बेडकापासून निघालेला धागा असा रोग्याच्या उशापर्यंत येऊन पोहोचतो.

पुढे काय होते?

रोगी आणि त्याच्या घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: "आता पुढे काय?" या अंदाजाला वैद्यकात फलानुमान म्हणतात. यासुए आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली अशा २४५ रोग्यांचा अनेक वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. पुढील आकडे टक्क्यांत आहेत.

१ वर्षानंतर: हयात ९८, हृद्‌स्नायूला कायमची इजा न होता हयात ८६.
३ वर्षांनंतर: हयात ९७, इजा न होता हयात ८५.
५ वर्षांनंतर: हयात ९७, इजा न होता हयात ८३.
१० वर्षांनंतर: हयात ९३, इजा न होता हयात ८१.

हे आकडे नीट वाचा. पहिली गोष्ट दिलासा देणारी आहे: दहा वर्षांनंतरही शंभरातील ९३ जण हयात होते. दुसरी गोष्ट मात्र सावध करणारी आहे. दुसरा आकडा पहिल्या एका वर्षात १०० वरून ८६ वर आला, म्हणजे १४ ने उतरला. पुढच्या नऊ वर्षांत तो अवघा ५ ने उतरला. संकट सगळ्या वर्षांत सारखे वाटलेले नाही. ते सुरुवातीलाच दाटलेले आहे. म्हणून पहिल्या काही महिन्यांत निदान होणे मोलाचे. "काही झालेले नाही" म्हणून परत पाठवलेला रोगी नेमका याच काळात औषधाविना राहतो. कॅल्शियमरोधक औषध घेणाऱ्यांचे फलानुमान अधिक चांगले असते, हेही याच अभ्यासात दिसले.

मग जास्त धोका कोणाला? जपानमधील १,४२९ रोग्यांच्या अभ्यासावरून २०१३ साली एक गुणपत्रिका तयार करण्यात आली. रुग्णालयाबाहेर हृदय एकदा बंद पडून वाचलेल्याला ४ गुण. धूम्रपान, केवळ विश्रांतीतच येणारे दुखणे, रोहिणीतील कायमचा अडथळा आणि एकाहून अधिक रोहिण्यांत पेटका, या प्रत्येकाला २ गुण. ईसीजीतील उचललेला भाग आणि बीटारोधक औषधाचा वापर यांना प्रत्येकी १ गुण. या परीक्षेत अर्थातच कमी गुण चांगले! सुमारे ३२ महिन्यांच्या काळात ० ते २ गुण असलेल्यांपैकी २.५ टक्के, ३ ते ५ गुण असलेल्यांपैकी ७ टक्के आणि ६ किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी १३ टक्के रोग्यांवर गंभीर प्रसंग ओढवला.

या यादीतील किती गोष्टी माणसाच्या हातात आहेत? बीटारोधक औषध टाळावे की नाही, ते डॉक्टर ठरवतात. रोग्याच्या स्वतःच्या हातात सर्वांत सरळ गोष्ट एकच: धूम्रपान कायमचे सोडणे. आणखी एक पथ्य आहे. झटके थांबले म्हणजे विकार गेला, असे समजून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. औषध एकाएकी थांबवल्यावर झटके उलटून आल्याची उदाहरणे आहेत.

एक सूचना. हा लेख वाचून कोणाच्या छातीतील दुखण्याला घरच्या घरी नाव देऊ नका. छातीत दाटून दुखू लागले, तर कारण कोणतेही असो, रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे. मात्र दुखणे केव्हा सुरू झाले, किती मिनिटे टिकले, त्या वेळी रोगी काय करत होता आणि कशाने थांबले, एवढे कागदावर टिपून सोबत न्या. तुमच्या घड्याळाने घेतलेली ही नोंद डॉक्टरांच्या यंत्राला पुष्कळदा वाट दाखवते. आणि "चाचणीत काही दिसले नाही" व "काहीच नाही" ही दोन वाक्ये वेगळी आहेत, हे रोग्यासाठी आणि शास्त्रासाठीही कायम लक्षात ठेवा.

विचार करा

१. रोहिणीची त्रिज्या मूळच्या तीन-चतुर्थांश झाली, तर प्वाझय यांच्या नियमानुसार प्रवाह मूळच्या किती टक्के उरेल? (उत्तर: सुमारे ३२ टक्के)

२. एका रोग्याचा २४ तासांचा होल्टर आलेख ठीक आला. त्यावरून 'पेटक्याचा विकार नाही' असे म्हणता येईल का? सकारण सांगा.

३. एक रोगी धूम्रपान करतो, त्याला फक्त विश्रांतीतच दुखते आणि झटक्याच्या वेळी त्याच्या ईसीजीतील भाग उचललेला दिसतो. त्याचे गुण किती? धूम्रपान न करणाऱ्या अशाच दुसऱ्या रोग्याचे गुण किती होतील?

४. वरच्या आकड्यांवरून दोन्ही रांगांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणती रेषा सुरुवातीला अधिक उतरते आणि त्यावरून काय शिकायचे, याची वर्गात चर्चा करा.